लॅग

रात्रीचे साडेअकरा, हैदराबाद रोड.
डांबर अजून निवलेलं नाही.
शेजारी बसलेला चिट्याल मिस्त्री म्हणतो, दाब.
मी दाबते.
काहीच होत नाही.

एक… दीड…
मिस्त्री खिडकीबाहेर बघतो,
कुणी यायचं असल्यासारखा.
मग बॉनेटखालून शिट्टी
आणि पाठ सीटमध्ये रुतते.

“टर्बो मोठा बसवला की हे असंच, ताई.
धूर चाक फिरवणार, चाक हवा कोंबणार,
मग गाडी ऐकणार.
आमचा बाप मागावर असाच.
हाक मारली की आधी तुटलेला धागा जोडणार,
मगच ‘ओ’.”

टपरीजवळ थांबलो. चहा त्याने बशीत ओतला,
आणि इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला
चादरीचा लाल तंतू नखाने ओढून काढला.
“दाबलेली हवा तापते.
तापलेली हवा नुसती जागा खाते, जोर देत नाही.
निववायची, मग आत सोडायची.”
बशीवर फुंकर.

सकाळी पप्पांनी विचारलं,
गाडीवर किती घातलेस?
उत्तर जिभेवर तापलेलं होतं.
एक… दीड…
मग खरा आकडा सांगितला.

आता ते गप्प.
पेपर खाली, चष्मा हातात.
मी शिट्टीची वाट बघतेय.