दांडा वजा

रावेरला केळीच्या काट्यावर
चाळीस वर्षं वजनं घेतली सुपडू आबांनी.
आता गालाला भोक,
बोलणं अर्धं वाऱ्यावर.

हसीना तडवी सिस्टर ओट्याशी स्कूटी लावते,
नाक न मुरडता जुनी पट्टी सोडवते,
विचारते, 'आबा, दहातून कितलं?'

सात बोटं उठतात.
मग दोन मिटतात: दांडा वजा.

ती हसते. वहीत सातच लिहिते.
मॉर्फिनची गोळी पाण्यात विरघळवते,
सुनेला वेळा सांगते,
शौचाचं विचारते, लाजू न देता.

मंगळवारी बोटं उठली नाहीत.
तिनं ओला कापूस ओठांवरून फिरवला,
मनगट धरून बसून राहिली.

बाहेर कुणी ट्रक भरताना
घडांचा आकडा ओरडत होतं.
आबांची पापणी हलली,
मोजल्यासारखी.