विनंती थांबा

एकतीस वर्षं यावल आगारात काढली मी,
त्यातली नऊ यावल–नाशिक.
कंडक्टर मंडळी म्हणायची,
फेगडे ड्रायव्हरच्या पोटात उंटाची टाकी आहे,
जळगाव सोडलं की धुळ्यालाच उतरतो.
मला त्याचा अभिमान होता.
माणसाला कशाचाही असतो.

आता खुर्चीतून उठलो तर दोन थेंब,
शिंकलो तर चार.
नातवाला उचललं
तर विचारूच नका.

ऑपरेशन जळगावला झालं.
गाठ निघाली, नंतर नळी निघाली,
डॉक्टर म्हणाले, उत्तम.
ते उत्तम घेऊन मी घरी आलो
आणि पांढरे लेंगे सगळे
पेटीच्या तळाशी घातले.

गावात मेडिकल तीन,
तिन्ही गल्ल्यांवर बसलेले भाचे-पुतणे.
म्हणून फैजपूरचा माणूस
पॅडचा पुडा घ्यायला सावद्याला जातो.
म्हटलं, वडिलांसाठी हवाय.
वडील जाऊन बावीस वर्षं झाली.
पोरानं पुडा वर्तमानपत्रात गुंडाळला, दोरा बांधला,
मी वळलो
तर मागे सुपडू झांबरे, आमच्याच आळीतला.
त्यानं मला पाहिलं, पुडा पाहिला,
मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत दुकानदाराला म्हणाला,
"मले बी तोच देजो. बापासाठी."
त्याचा बाप माझ्या बापाच्याही आधी गेलेला.

येताना एकाच रिक्षात बसलो.
मांडीवर एकसारखे दोन पुडे.
केळीचे भाव काय म्हणतात, एवढंच बोललो.

व्यायाम शिकवते ती हर्षाली, माझ्या धाकटीच्या वयाची.
ती लाजत नाही म्हणून मलाच लाजावं लागलं.
"काका, पंगतीत बसलात आणि वारा सरायला आला,
तर कसं आवरता? तेच आवळायचं.
पाच मोजेपर्यंत धरा, पाच मोजेपर्यंत सोडा.
मांड्या नाही, पोट नाही,
श्वास तर अजिबात रोखायचा नाही."
मी विचारलं, क्लचसारखं?
ती म्हणाली, मला गाडी येत नाही.
आणि सोडणंही नीट शिका म्हणाली,
धरून धरूनच बसतात सगळे.

पेन्शनच्या रांगेत करतो. देवळाच्या ओट्यावर करतो.
पौषात भरताची पार्टी होती मळ्यात,
येत नाही म्हटलं तर सुपडूचा फोन:
काळी पँट घाल अन् ये, मी बी घातली.
काड्यांवर वांगी भाजत होती,
धुराचा ठसका लागला
आणि आम्ही दोघं एकदमच उठून
कपाशीच्या गंजीमागे गेलो.
कोणी काही विचारलं नाही.

रात्री तीनदा उठतो.
तेव्हा तो येतो.
पारोळ्याला चढला होता, धोतर, मांडीवर पिशवी.
टोलच्या पुढे केबिनच्या जाळीशी आला:
"भाऊ, गाडी जराशी थांबाड ना. आते धरायत नई."
मी म्हटलं, इथं थांबा नाही.
आरशातही पाहिलं नाही.
धुळ्याला सगळे उतरले, तो बसून राहिला,
टोपीनं सीट पुसत.
कंडक्टर हसला.
मी हसलो की नाही, आठवत नाही.
म्हणजे हसलोच असेन.

आता पाच मोजताना आकडे येत नाहीत.
धरताना येतात मोठे स्टँड,
भुसावळ, जळगाव, एरंडोल.
सोडताना ती मधली गावं,
जिथं लाल डबा हात केल्याशिवाय थांबत नसे:
मुकटी, अजंग, फागणे.
मुकटीला मी रोज गाडी बाजूला घेतो.
इंजिन चालू ठेवतो.
त्याला वेळ लागतो. लागू दे.

परवा सकाळी शिंक आली आणि कोरडी गेली.
चहा तसाच ठेवून सुपडूकडे सांगायला गेलो.
सून म्हणाली, बाबा घरी नाहीत,
सावद्याला गेलेत.