मेन जेट

येवतीच्या उकंडाजीकडे गाडी आणायला गेलो
तेव्हा हेडलाइटच्या वाटीत कोंबडी बसली होती, अंड्यांवर.
उकंडाजी म्हणाले, "एकवीस दिवस थांबा. मंग न्या."
थांबलो.

येझदी. बावीस वर्षं कारंज्याला दूध पोचवलेली.
कॅरिअरच्या नळ्या डावीकडे झुकलेल्या,
म्हणजे डावा कॅन नेहमी जास्त भरलेला असणार.
चेसिस सरळ करताना
ते दूधही सरळ केल्यासारखं वाटलं.

माझा लेथ रात्री चालतो.
शेतीची थ्री फेज अकराला येते, पाचला जाते.
तेवढ्या वेळात शिवारभर मोटारी हरभऱ्याला पाणी सोडतात
आणि मी सिलिंडर हेडवरून अर्धा मिलिमीटर उतरवतो.
एक्झॉस्टचा झरोका मात्र कानशीनेच वर चढवायचा,
दीड मिलिमीटर, तीन रात्री.
घासलेलं परत भरून येत नाही.
"मंग थांबाचं कधी, काका?" प्रणालीने विचारलं.
अजून थोडं करावं असं वाटलं, का थांबाचं.

सायलेन्सरला पत्रा मिळाला शाळेच्या मोडक्या अलमारीचा.
बोअरच्या केसिंग पाइपावर शंकू वळवले, जोडले.
पोटावर हिरव्या अक्षरांत राहिलं 'वाचना',
'लय' आतल्या बाजूला गेली.

पॉइंटची फट मी बिडीबंडलाच्या कागदाने बघतो.
फीलर गेज आहे माझ्याकडे, चांगला आहे,
पण कागद सुटताना बोटाला काहीतरी सांगतो,
गेज नुसता आकडा सांगतो.

प्रणाली वानखडे, स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसते.
जिनिंगच्या काट्यावर शेचाळीस किलो भरली, हेल्मेटसकट.
पोरगी कायले बसवता, असं कोणी विचारलं
की मी हे वजन सांगतो.
खरं सांगायचं तर
उजवा सिलिंडर मागे पडतोय हे
माझ्याआधी तिला ऐकू आलं होतं.

जानेवारीत शंकरपट. बैलजोड्या सुटून गेल्या
की दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जुन्या गाड्या.
वेळ सकाळी आठची. थंडी होती, एकशे पाचचा जेट लावला,
इंजिन घुंगराच्या घट्ट बांधलेल्या चाळासारखं बोललं.
पाहुणे आले साडेबाराला.
ऊन चढलं, हवा पातळ झाली,
गाडी घसा बसल्यासारखी गुरगुरायला लागली.
प्लग काढला: ओली काजळी.
बारीक जेट घरी, देवळीत, काड्यापेटीत.

मंडपामागे माइकच्या वायरचा तुकडा पडला होता.
दातांनी सोलला. तांब्याची एक तार,
केसाएवढी, जेटच्या भोकात सरकवली, वर वाकवली.
तिकडे पाहुणे अजून दोनच शब्द बोलत होते.
पुन्हा फिरवून प्लग काढला.
संक्रांतीचे तीळ भाजून उतरवावेत तेव्हाचा रंग.
प्रणालीला दाखवला. तिने हुंगला
आणि चेनखाली पाय घालून बूट बांधला.

झेंडी पडली.
घड्याळवाल्याने माइकवर सांगितलं ते नीट कळलं नाही,
कारण मी आकडे ऐकत नव्हतो.
नागपूरहून ट्रॉलीत आलेली आरडी पहिली,
दारव्ह्याचा एक गडी दुसरा,
आम्ही तिसरे.
पण ती कडब्याच्या पेंढ्यांपाशी थांबलीच नाही,
फटीतून निघाली, कॅनॉलच्या रस्त्याला लागली.
"ब्रेक गेले का बे हिचे?" लोक उठले.
मी हात वर केला. गप्प राहा जरा.
तुरीपलीकडून तिसरा गिअर.
पुलावर चौथा.
मग बराच वेळ फक्त चौथा.

वीस मिनिटांनी परत आली, भुवयांवर धूळ.
सायलेन्सरवरचा 'वा' जळून गेला होता,
उरलं होतं 'चना'.
"काका, उजवा अजून मागंच आहे."
ऐकलं, म्हटलं.
आज लाइन अकरालाच येईल.