माशुआ

कुस्कोच्या वर, झाडं संपतात तिथे
बटाट्याच्या कडेकडेनं लावतात हिला,
किडीला हुसकावायला.

कच्चीच चावली मी.
मुळ्याची थोरली बहीण!
नाकात झणका, डोळ्यांत पाणी.
एउलोखिया म्हणाली, घाई नडली.

संध्याकाळी तिनं त्या पिवळ्या, जांभळ्या डोळ्यांच्या कांड्या
छपरावर पसरल्या.
अर्धं थंडी शिजवते, म्हणाली,
उरलेलं आपण.

गावातले बाप्ये हातही लावत नाहीत हिला.
म्हणे, अंगातली रग जाते.

सकाळी मडक्यातून वाफ. वर काकवी.
फोर्तुनातो, वय एक्क्याऐंशी,
तीन संपवून चौथी घेतो:
"आता मला कसली भीती?"

एउलोखिया काहीच बोलत नाही.
त्याच्या ताटातली पाचवी, सगळ्यांत जाड,
उचलते
आणि परत मडक्यात टाकते.