झारा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
हेरिंग शोधायला फ्रीझर उघडला
तर वाटाण्याच्या पिशवीखाली सात लाकडं.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून प्लास्टिक,
प्लास्टिकवर वांबोलाचं तिरकं अक्षर:
सफरचंद. वादळात पडलेलं. घाई नको.

ओलं लाकूड घाईने सुकलं की तडकतं,
म्हणून तो त्याला थंडीत निजवून ठेवायचा.
माशांच्या शेजारी लाकडं ठेवणारा
अख्ख्या मुहू बेटावर तूच एक, मी म्हणायचे.
मासे काही बोलत नाहीत, तो म्हणायचा,
आणि ताटात हात घालायचा.

नोव्हेंबरात संध्याकाळच्या फेरीबोटीने
त्याला पलीकडे इस्पितळात नेलं.
येताना मी एकटी, मांडीवर त्याचे बूट.

एक लाकूड काढलं. सिंकमध्ये ठेवलं.
रात्रभर ते टपटपत राहिलं,
सकाळी त्याला वास आला होता,
फळाचा नव्हे, सालीचा, जरासा कडवट.
त्यावर त्याने पेन्सिलने डावाचा आकार काढलेला,
आणि एक बाण.

बाण कशाचा?
एक्केचाळीस वर्षं मी त्याच्या डावांनी
जवाची पेज ढवळली, कडा खरवडल्या,
जावयावर एकदा उगारलाही,
पण लाकडाची शीर कोणत्या अंगाने जाते
हे कधी विचारलं नाही.
बाणाच्या उलट कापलं तेव्हा कळलं.
सुरी अडली, लाकूड पिंजलं,
अंगठ्यातून रक्त.

शेजारची एल्फ्रीडे पट्टी घेऊन आली.
म्हणाली, साल्मे, धक्क्यावरच्या दुकानात
दोन युरोला मिळतात गं,
गुळगुळीत, वर पवनचक्कीचं चित्र.
मी तिला कॉफी दिली.
तिने साखर ढवळली ती त्याच्याच चमच्याने,
तिच्या लक्षात आलं नाही.

त्याच्या वाकड्या सुरीच्या मुठीला
त्याच्या अंगठ्याने पाडलेला खळगा आहे.
माझा अंगठा त्यात हलतो,
मोठ्या माणसाच्या चपलेत पाय घातल्यासारखा.
मी मुठीला कापडाची चिंधी गुंडाळली.
माफ कर, म्हटलं, कोणाला कोण जाणे.

मग रोज जेवण झाल्यावर तासभर.
टेबलाखाली ढलप्यांचा ढीग.
मारेट फोनवर: आई, हातमोजे घालतेस ना?
घालते, म्हटलं. घालत नव्हते.
हातमोज्यातून लाकूड बोलत नाही.

तो पोकळी कोरताना
मधूनमधून डाव दिव्यासमोर धरायचा.
लाकडातून लालसर उजेड झिरपला की
सुरी खाली ठेवायचा, त्या दिवसापुरती नव्हे, कायमची.
मीही धरला.
उजेड दिसला.
कधी नव्हे तो सुरीला हात बसला होता,
ढलपी कशी लांब, गोल, अख्खी निघत होती,
म्हटलं एकच. एकच अजून.

मसुराच्या डाळीएवढं भोक.

मी एक शिवी दिली,
जी मी त्याला कधी देऊ दिली नव्हती.
डाव चुलीकडे भिरकावणार होते,
हात वरही गेला होता.

मग उठले. शेडमधून गिरमिट आणलं,
आणि त्या एका भोकाच्या सोबतीला
अकरा भोकं पाडली,
वाकडीतिकडी, दोन तर एकमेकांना चिकटली.
जवसाचं तेल चोळलं.
डाव होता, झारा झाला.

रविवारी पिठाचे गोळे उकडले.
झारा आत घातला, वर उचलला,
गोळे राहिले आणि पाणी
बारा धारांनी आपलं आपण परत पातेल्यात गेलं.
मी तीनदा उचलला. नुसतं बघायला.

सहा लाकडं अजून आहेत.
पिशवीला पुन्हा गाठ मारली.
घाई नको च्या खाली लिहावंसं वाटलं काहीतरी,
पेन गारठलेलं, उमटलंच नाही.

आणि हो, हेरिंग.
ते नव्हतंच तिथे.
आम्ही ते ऑक्टोबरातच संपवलं होतं,
बटाट्यांबरोबर, दोघांनी.