दारं

दिलवर पावरानं विचारलं, मॅडम,
डॅश डब्ल्यू ऑल म्हणजे सगळे इशारे ना?
नाही रे.
मग 'ऑल' कशाला म्हणतात?

देवपूरची लॅब, दुपारचे तीन,
पंखा तापलेलीच हवा पुन्हा पुन्हा वाढतोय.
मी त्याला आवतणाचं सांगितलं.
आवतण्या दारातून ओरडतो, सगळ्यांनी या हो,
आणि घरटी एकच माणूस पंगतीला जातो.
सगळं घर न्यायचं तर चूलबंद म्हणावं लागतं.
मग डब्ल्यू एक्स्ट्रा म्हणजे चूलबंद?
जवळपास.
त्यातही काही पाहुणे असतात
नाव घेऊन बोलावल्याशिवाय न उठणारे.

त्याच्या प्रोग्रामात एका केसमधून दुसऱ्या केसमध्ये
गव्हाची पोती ज्वारीत गळत होती
आणि 'सगळे' गप्प बसून होते.

रात्री मॅन्युअलचं पान उघडलं.
फॉलथ्रूचा इशारा: फॉलथ्रू झाल्यास इशारा देतो.
म्हणजे विहीर कशाला म्हणतात, तर विहिरीला.

आमच्या गावी, पांझरेच्या फडात, बाबा पाटकरी होते.
वाफ्याचं पोट भरलं की दारं बांधायचं,
नाहीतर पाणी पुढच्या वाफ्यात शिरतं,
कुणाला न विचारता.
पण कधी ते जाऊ द्यायचंच असतं.
तेव्हा बाबा उघड्या दाऱ्यात
निरगुडीची एक फांदी रोवत.
रात्रपाळीचा धुडकू जागल्या बॅटरी मारी
आणि ती फांदी त्याला बाबांच्या आवाजात सांगे:
ईसरनू नही, मुद्दाम सोडेल शे.

एका हिवाळ्यात फांदी शेळीनं खाल्ली.
धुडकूनं इमानानं दारं बांधलं,
खालचा गहू अख्खी पाळी कोरडा राहिला.
भांडण चावडीपर्यंत गेलं.
शेळी कुणाची, यावरच संध्याकाळ झाली.

तर मी लिहिलं:
हा इशारा 'ऑल'मध्ये येत नाही, 'एक्स्ट्रा'मध्ये येतो.
शेवटच्या केसखाली काही नसेल तर बोलत नाही.
तिसऱ्या पातळीवर टिप्पणीतली खूण सहसा मानतो,
पाचव्यावर टिप्पणी म्हणजे निरगुडी,
ती शेळीनं खाल्लीच समजा,
तिथं भाषेनंच दिलेला, पुरलेला दगड लागतो.
खाली दोन उदाहरणं दिली,
एक विसरलेलं, एक सोडलेलं.
पाणी दोन्हींतून सारखंच जातं.

तपासणारा कुठल्या देशातला, ठाऊक नाही.
त्यानं फड कापला, निरगुडी कापली, शेळीही.
बरोबरच होतं. मॅन्युअलात शेळीचं काय काम?
पण 'सहसा'खाली रेघ मारून त्यानं विचारलं,
सहसा म्हणजे नेमकं कधी?

मला माहीत नव्हतं.
इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, माहीत नव्हतं.
अकरा छोटे प्रोग्राम लिहिले, एकेक खूण बदलून.
मोठी अक्षरं, लहान अक्षरं,
मधे जोडरेघ, मधे मोकळी जागा.
दोन वाजता खालच्या घरातलं कुणीतरी
पाण्याची मोटर चालू करायला उठलं.

दुसऱ्या दिवशी दिलवरनं ब्रेक गाळला, मुद्दाम,
आणि वर टिप्पणी टाकली, देवनागरीत:
विसरलो नाही, सोडलंय.
एक्स्ट्रा चालू केलं.
कंपायलर ओरडलाच.
मॅडम, याला वाचता येत नाही का?

अक्षरं त्याच्यापर्यंत पोचतात, दिलवर.
पण खूण म्हणून त्याला ठरावीक इंग्रजी शब्दच कळतात.
हे कुठे लिहिलंय?
मी पान शोधलं. कुठेच नव्हतं.

बाराव्या प्रोग्रामात त्याची टिप्पणी जशीच्या तशी घेतली
आणि 'सहसा' खोडून तिथं लिहिलं
कोणत्या शब्दांवर गप्प बसतो,
आणि इतर कुठल्याही भाषेतली खूण
हा इशारा ओळखत नाही.

ती ओळ त्यांनी कापली नाही.
एक स्वल्पविराम तेवढा हलवला.