एफ बावीस

आधी पुरावा लागतो.
गिलबिले म्हणाले, गच्चीवर जा,
लेन्सचं छिद्र मिटवा पार बाविसापर्यंत
आणि काढा नुसतं आकाश.
फोकस नको. हात हलला तरी चालेल.

तापकीर गल्लीमागच्या तिसऱ्या मजल्यावरून
फेब्रुवारीतलं, साडेअकराचं आकाश:
निळं म्हणावं तर निळं नाही,
मेट्रोच्या खोदकामाचं काहीतरी कालवलेलं त्यात.
संगणकावर मोठं केलं तर
सात ठिपके आणि एक केस,
स्वल्पविरामासारखा वाकडा.

डोळा सताड उघडा ठेवला की दिसत नाहीत हे,
गिलबिले म्हणाले, किलकिला केला की दिसतात.
आणि उलटं असतं सगळं, लक्षात ठेवा.
फोटोत जो वर, आभाळात,
तो इथे तळाला बसलाय.

कधी बसला असेल?
मुंढव्याच्या पुलावर, ट्रक जाताना लेन्स बदलली होती.
कात्रजला, खडीच्या खाणीशी.
ढेकण्यांच्या लग्नात, अक्षता पडताना.
तो केस तरी नवरीच्या मावशीच्या शालीचा असावा.
किंवा माझाच.

बॅटरी पूर्ण भरलेली. आरसा वर.
मध्येच चार्जिंग संपलं तर आरसा खाली येतो,
काडीवर आदळतो. एकाचा आदळलेला.
त्यांनी माणसाचं नाव सांगितलं नाही,
कॅमेऱ्याचं सांगितलं.
पंखा बंद केला. म्हणाले, आता बोलू नका.
कॅमेरा उपडा धरून लाल रबरी फुगा,
फुस्, फुस्, फुस्.
तोंडाने फुंकायचं नाही कधी,
लेकराच्या डोळ्यातलं कुसळ नाही हे.

मग काडी. टोकाला पांढरं कापड,
त्यावर दोन थेंब. तिसरा नाही.
डावीकडून उजवीकडे एकदा,
काडी फिरवून परत, उजवीकडून डावीकडे.
देवघरातला टाक पुसताना देतो तेवढा दाब,
खरं तर त्याहून कमी. देव दणकट असतात.

चहा आला तेव्हा मी लॅपटॉप उघडून दाखवलं
कशी घालवत होते मी हे डाग इतके दिवस,
शेजारचं आकाश उचलून त्यावर चिकटवत.
पाषाण तलावाचे दीडशे फोटो. स्वच्छ.
गिलबिल्यांनी मूळचे मागितले.
पुढे नेले, मागे आणले, चष्मा कपाळावर चढवला.
हा इथे.
पुढच्यात इथे.
त्यापुढच्यात हा इथे.
धूळ जागा सोडत नाही हो बाई.
ही घार होती.

आठशे रुपये झाले.
मी पुन्हा गच्चीवर गेले, पुन्हा बावीस.
पाणी घालून वाळवलेल्या पाटीसारखं आकाश,
फक्त उजवीकडे, वर,
एक ठिपका.

दुसरा फोटो काढायला कॅमेरा उचलला
आणि बोट बटणावर तसंच राहिलं.
हल, म्हटलं.
हल ना.